टॉक्सिक शॉक सिंड्रोम : एका रोगाच्या ओळखीचा इतिहास

रोगांचा इतिहास आपल्याकडे बहुधा औषधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. देवीची कथा लशीपाशी येऊन थांबते, हिवतापाची क्विनीनपाशी, क्षयाची स्ट्रेप्टोमायसिनपाशी. परंतु असेही काही रोग आहेत की ज्यांचा जोर कोणत्याही नव्या औषधामुळे ओसरला नाही. आजारी माणसांना योग्य प्रश्न विचारले गेले, त्यांची उत्तरे नीट मोजली गेली आणि अखेर एका साध्या वस्तूच्या खोक्यावर खरे माप छापले गेले, एवढ्यानेच पुष्कळ कार्यभाग साधला. 'टॉक्सिक शॉक सिंड्रोम' हा असा एक रोग होय. शब्दशः अर्थ घ्यावयाचा तर 'विषजन्य आघाताचा लक्षणसमूह'. १९८० साली अमेरिकेत ह्या रोगाचे ८९० रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी ८१२ जणींना तो ऋतुकाळात जडला होता. १९८९ साली एकूण नोंद अवघ्या ६१ रुग्णांची झाली. मधल्या नऊ वर्षांत ह्या रोगावर एखादी लस निघाली किंवा रामबाण औषध सापडले, असे काही घडले नाही. मग ही घट झाली कशी, आणि ती घडून येण्याआधी इतक्या तरुण स्त्रियांना ह्या रोगाने का गाठले, हे पाहणे उद्बोधक आहे. त्या इतिहासाचे धागे आपल्या देशातील दवाखान्यांपर्यंत आणि घरांपर्यंत येऊन पोहोचले आहेत.

ज्या जंतूपासून हा रोग प्रथम ओळखला गेला, तो काही नवा किंवा दुर्मिळ नव्हे. ॲबर्डीन येथील शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन ह्यांनी १८८० साली गळवांतील पुवात गोलाकार जंतूंचे पुंजके पाहिले. द्राक्षांच्या घोसासारखे दिसणाऱ्या ह्या जंतूंना त्यांनी पुढे ग्रीक शब्दावरून 'स्टॅफिलोकॉकस' हे नाव दिले. १८८४ साली जर्मन वैद्य रोझेनबाख ह्यांनी त्यांतील सोनेरी वसाहती करणाऱ्या जातीला 'ऑरियस', म्हणजे सुवर्णवर्णी, असे विशेषण जोडले. हा जंतू कित्येक निरोगी माणसांच्या नाकात, त्वचेवर आणि काही स्त्रियांच्या योनिमार्गात निमूटपणे वास्तव्य करून असतो. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर उपद्रव होत नाही. झाला तरी एखादे गळू, एखादी चिघळलेली जखम, ह्यापलीकडे गोष्ट जात नाही. परंतु ह्याच जंतूचे काही वंश विशिष्ट परिस्थितीत एक जहाल विष निर्माण करतात. मग जंतू जागच्या जागी राहतो, पण त्याचे विष रक्तातून सर्व देहात पसरते. रोगाचे उगमस्थान क्षुल्लक दिसावे आणि परिणाम मात्र प्राणघातक व्हावा, ही ह्या व्याधीची खरी फसगत आहे.

ह्या फसगतीचा एक भीषण प्रत्यय जगाला १९२८ साली ऑस्ट्रेलियात आला होता. क्वीन्सलंड प्रांतातील बंडाबर्ग ह्या गावी त्या वर्षी २७ जानेवारीस २१ मुलांना घटसर्पाची प्रतिबंधक लस टोचण्यात आली, आणि त्यांतील १२ मुले पाहता पाहता दगावली. चौकशीसाठी चार्ल्स केलवे ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. लशीत मूळचा दोष नव्हता. अनेक मात्रांची एकच बाटली आधी उघडून वापरली गेली होती, तीत जंतुनाशक घातलेले नव्हते, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत तीत हा सोनेरी जंतू वाढला होता. ह्या तपासात सहभागी असलेले तरुण शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट ह्यांनी पुढे ह्या जंतूच्या विषाचा अभ्यास केला. आज मागे वळून पाहता बंडाबर्गची बालके ज्या रीतीने गेली, तिचे ह्या रोगाशी निकटचे नाते दिसते. परंतु त्या वेळी त्या लक्षणांना स्वतंत्र नाव मिळाले नाही. ज्याला नाव नाही, ते पुन्हा समोर आले तरी ओळखू येत नाही. म्हणून पुढची पन्नास वर्षे असे रुग्ण कधी 'स्कार्लेट ज्वर', कधी निव्वळ 'रक्तदोष' अशा निरनिराळ्या नावांखाली विखुरले गेले असावेत.

नाव मिळाले ते १९७८ साली. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याची राजधानी डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ जेम्स टॉड आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात सात मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. वय आठ ते सतरा. चार मुली, तीन मुलगे. सर्वांची कहाणी थोड्याफार फरकाने एकच होती. एकाएकी चढलेला तीव्र ज्वर, डोकेदुखी, भ्रम, लालबुंद डोळे, अंगभर उन्हाने भाजल्यासारखी लाली, वांत्या, पाण्यासारखे जुलाब, आणि मग रक्तदाब झपाट्याने उतरून येणारी आघाताची अवस्था. यकृत आणि मूत्रपिंडे ह्यांच्या कार्यात बिघाड झाला होता. सातांपैकी एक मूल दगावले. जी वाचली, त्यांच्या तळहातांची आणि तळपायांची कातडी काही दिवसांनी सोलून निघाली. मुलांच्या रक्तात जंतू सापडला नाही. सापडला तो नाक, घसा, योनिमार्ग किंवा एखादे गळू अशा ठिकाणी. त्यावरून टॉड ह्यांनी तर्क केला की, रोग जंतूच्या आक्रमणाने होत नसून त्याच्या विषाने होत असावा. 'टॉक्सिक शॉक सिंड्रोम' हे नाव त्यांचेच. ह्या पहिल्या यादीत तीन मुलगे होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण पुढे जगाला तिचा विसर पडला.

डेन्व्हर शहराचा ह्या इतिहासाशी आणखी एक जुना संबंध आहे. टॅम्पॉन, म्हणजे मासिक स्राव शोषून घेण्यासाठी योनिमार्गात ठेवावयाची कापसाची आवळून बांधलेली लहानशी वळी, हिचे आधुनिक रूप त्याच शहरातील अर्ल हास नावाच्या वैद्याने सिद्ध केले. त्याने १९३१ साली एकस्वासाठी अर्ज केला आणि १९३३ साली ते त्यास मिळाले. गर्ट्रूड टेंडरिक ह्या उद्योगी बाईने ते हक्क विकत घेऊन 'टॅम्पॅक्स' ह्या नावाने विक्री सुरू केली. पोहणे, नोकरी, प्रवास ह्यांत स्त्रियांना लाभलेली ही मोकळीक खोटी नव्हती, आणि कित्येक दशके त्या साध्या कापसाच्या वळीने कोणाचे लक्षात येण्याजोगे अहित केल्याचे आढळले नाही. पुढे १९७० नंतर बाजारपेठेतील चढाओढ वाढली आणि 'अधिक शोषणारी' वस्तू काढण्याची शर्यत लागली. कापसाच्या आणि रेयॉनच्या जोडीला पॉलिएस्टरचा फेस, कार्बॉक्सिमिथिलसेल्युलोज, पॉलिॲक्रिलेट अशी द्रव्ये आली. प्रॉक्टर अँड गँबल ह्या कंपनीचा 'रिलाय' नावाचा टॅम्पॉन ह्या शर्यतीतील अग्रणी होय. चहाच्या पुडीसारख्या पिशवीत फेसाचे चौकोनी तुकडे आणि सेल्युलोजचे कण भरून तो बनविला होता. १९७४ पासून त्याची काही शहरांत चाचणी-विक्री झाली, आणि १९८० पर्यंत तो देशभर पोहोचला. टॅम्पॉनसारख्या वस्तूंना वैद्यकीय साधने मानून त्यांच्यावर देखरेख ठेवण्याचा कायदा अमेरिकेत १९७६ साली झाला. परंतु जे प्रकार आधीपासून बाजारात होते, त्यांना नव्याने सुरक्षितता सिद्ध करून दाखविण्याची गरज राहिली नाही.

१९७९ च्या अखेरीस आणि १९८० च्या आरंभी विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा ह्या राज्यांतील वैद्यांना टॉड ह्यांच्या वर्णनाशी जुळणारे रुग्ण दिसू लागले. रुग्ण बहुतेक तरुण आणि एरवी धडधाकट स्त्रिया होत्या. मॅडिसन येथील डॉ. जोन चेस्नी आणि विस्कॉन्सिन राज्याचे साथरोगतज्ज्ञ जेफ्री डेव्हिस ह्यांच्या लक्षात आले की, ह्यांतील अनेक जणींचा आजार ऋतुकाळातच उद्भवला होता. आज ही गोष्ट सरळ वाटते. परंतु तापाने फणफणलेल्या, शुद्ध हरपत चाललेल्या रुग्णाला तिची पाळी चालू आहे काय आणि ती काय वापरते, हा प्रश्न विचारावयाचे वैद्याला सुचणे, आणि तो नोंदवहीत लिहून ठेवणे, हे त्या काळी मुळीच नित्याचे नव्हते. आपल्याकडे 'कावळा शिवला', 'बाजूला बसली', 'अडचण आहे' अशा आडवळणाच्या शब्दांनी ही गोष्ट सांगितली जात असे. पाश्चात्त्य समाज ह्याबाबत फार मोकळा होता, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. तेथेही त्या वस्तूचे खोके कागदात गुंडाळून दिले जाई, आणि तेथील भाषेतही अशी आडवळणे भरपूर होती. ज्या विषयी बोलावयाचे नाही, त्या विषयी मोजदादही होत नाही. ह्या रोगाचे कोडे सुटण्यास आरंभ झाला तो हे मौन वैद्यांच्या नोंदवहीत मोडले गेले तेव्हा.

जानेवारी १९८० मध्ये ही वार्ता अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्राकडे गेली. २३ मे १९८० रोजी त्या केंद्राच्या साप्ताहिकात ५५ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ५२ स्त्रिया होत्या. ज्या ४० जणींच्या ऋतुकाळाची माहिती मिळाली, त्यांपैकी ३८ जणींचा आजार त्या काळातच सुरू झाला होता, आणि एकंदर रुग्णांपैकी सात मृत्यू पावले होते. तरुण वैद्य कॅथरिन शँड्स ह्यांच्या नेतृत्वाखालील पथकाने मग एक जुनी पण खात्रीची रीत अवलंबिली. प्रत्येक रुग्ण स्त्रीमागे तिच्याच वयाची, तिच्या ओळखीची एक निरोगी स्त्री घेऊन दोघींना दूरध्वनीवरून तेच तेच प्रश्न विचारावयाचे. ५२ रुग्णांपैकी ५२ जणी टॅम्पॉन वापरीत होत्या. निरोगी ५२ पैकी ४४ जणी. फरक होता, पण वापर दोन्हींकडे इतका सर्रास होता की, केवळ 'टॅम्पॉन वापरल्याने रोग होतो' असे म्हणून भागणारे नव्हते. ह्या पहिल्या पाहणीत एखाद्या विशिष्ट छापाकडे बोट दाखविता आले नाही. दुसऱ्या पाहणीत ५० रुग्ण आणि १५० निरोगी स्त्रिया घेतल्या. १९ सप्टेंबर १९८० रोजी तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रुग्णांपैकी ७१ टक्के जणी 'रिलाय' वापरीत होत्या; निरोगी स्त्रियांपैकी २६ टक्के. तीनच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, कंपनीने तो माल बाजारातून काढून घेत असल्याचे जाहीर केले.

येथे इतिहासलेखकाने थोडे थांबून विचार केला पाहिजे. त्या पाहण्यांवर आक्षेप घेतले गेले, आणि ते सगळेच पोकळ नव्हते. जूनमध्ये वृत्तपत्रांतून गाजावाजा झाल्यावर ऋतुमती आणि टॅम्पॉन वापरणारी रुग्ण वैद्याला चटकन ओळखू येणार, आणि तशी नसलेली नजरेतून निसटणार. मग आकडे आपोआप एका बाजूला कलणार, असा हा युक्तिवाद होता. ह्याचे उत्तर अधिक काटेकोर अभ्यासानेच देता येण्यासारखे होते. मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि आयोवा ह्या तीन राज्यांत मायकेल ऑस्टरहोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला, आणि १९८२ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांत दोन गोष्टी पुढे आल्या. 'रिलाय'चा धोका खरोखरच अधिक होता. परंतु छाप कोणताही असो, टॅम्पॉनची शोषणक्षमता जितकी अधिक, तितका धोका अधिक. पुढील अभ्यासांत हे गणित आणखी स्पष्ट झाले. शोषणक्षमतेत पडणाऱ्या प्रत्येक ग्रॅमच्या भरीबरोबर धोका सुमारे एक-तृतीयांशाने वाढत होता. एक माल बाजारातून गेल्याने प्रश्न संपला, असे समजणाऱ्यांना ह्या निष्कर्षाने जागे केले.

शोषणक्षमता आणि विष ह्यांचा संबंध काय, ह्याचा उलगडा हळूहळू होत गेला. हा जंतू ते विशिष्ट विष निर्माण करतो तो हवेतील प्राणवायू लाभल्यावर. योनिमार्गात प्राणवायू एरवी नगण्य असतो. टॅम्पॉन आत सरकविताना त्याच्या तंतूंत अडकलेली हवा बरोबर जाते, आणि वस्तू जितकी पोकळ व शोषक, तितकी हवा अधिक. त्यांत मासिक स्रावामुळे तेथील नैसर्गिक आम्लताही त्या दिवसांत ओसरलेली असते. जंतूला जागा, अन्न आणि हवा एकाच वेळी मिळते. विषाची ओळख १९८१ साली दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे पटली. पॅट्रिक श्लीव्हर्ट ह्यांनी त्यास एक नाव दिले, मर्लिन बर्गडोल ह्यांनी दुसरे. दोन्ही वस्तू एकच आहेत हे पटल्यावर १९८४ साली त्यास एक समाईक नाव मिळाले. ते विष इतके अनर्थकारक का, ह्याचे उत्तर पुन्हा डेन्व्हरकडूनच आले. तेथील फिलिपा मॅरॅक आणि जॉन कॅप्लर ह्या दांपत्याने १९८९ च्या सुमारास दाखविले की, अशी विषे म्हणजे 'सुपरअँटिजेन' होत. सामान्य शत्रू आला असता शरीराच्या संरक्षक टी-पेशींपैकी दहा हजारांत एखादी जागी होते. ह्या विषाने मात्र पाचांतील एकीपर्यंत पेशी एकदम चवताळून उठतात आणि अशी रसायने रक्तात ओततात की, रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो. म्हणजे देहाचा घात बाहेरच्या शत्रूपेक्षा त्याच्या स्वतःच्या बेभान सैन्यामुळेच अधिक होतो.

पण मग लक्षावधी स्त्रिया तोच माल वापरीत असता आजारी पडणाऱ्या इतक्या थोड्या का? कारण बहुतेक माणसांच्या रक्तात बालपणापासूनच्या सहवासाने ह्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात. पंचविशीपर्यंत दहांपैकी नऊंहून अधिक जणांपाशी ती आढळतात. ज्यांच्यापाशी ती नसतात, अशांनाच धोका. आणि अशा व्यक्तींचे प्रमाण किशोरवयात अधिक असते. रोगातून वाचलेल्यांपैकीही कित्येकांना प्रतिपिंडे तयार होत नाहीत. म्हणूनच हा आजार त्याच स्त्रीला पुढील ऋतुकाळात पुन्हा गाठू शकतो. आपल्या रक्तात ती ढाल आहे की नाही, हे कोणालाच बाहेरून कळत नाही. आणि एकदा बरे वाटले म्हणजे संकट टळले असेही होत नाही.

रोग समजला, तरी तो टाळावयाचा कसा हा प्रश्न उरलाच. कमीत कमी शोषणक्षमतेचा टॅम्पॉन वापरावा, असा सल्ला देणे सोपे होते. परंतु दुकानात उभ्या असलेल्या स्त्रीला तो पाळता येण्याजोगा नव्हता. 'रेग्युलर', 'सुपर' हे शब्द प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीप्रमाणे वापरीत असे. एकीचा 'रेग्युलर' दुसरीच्या 'सुपर'हून अधिक शोषक असावा, असाही प्रकार होता. शेर-पायलीची मापे गावोगाव वेगळी असलेल्या बाजारात गिऱ्हाइकाची जी गत होई, तीच येथे झाली; फरक इतकाच की, येथे तोटा पैशाचा नव्हता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८२ साली खोक्यांवर ह्या रोगाची सूचना छापणे सक्तीचे केले. समान मापाची सक्ती मात्र लांबणीवर पडली. ते माप ठरविण्यासाठी उत्पादक, शासकीय तज्ज्ञ आणि ग्राहकांचे प्रतिनिधी ह्यांची समिती बसली. बॉस्टन येथील ज्या स्त्रियांनी एकत्र येऊन 'अवर बॉडीज, अवरसेल्व्ज' हे प्रसिद्ध पुस्तक सिद्ध केले, त्यांपैकी एस्थर रोम ह्या त्या समितीत ग्राहकांच्या बाजूने चिकाटीने बसत. मोजणीचे यंत्र होते 'सिंजिना' नावाचे. काचेच्या नळीत रबरी पटल लावून, बाहेरून पाण्याचा दाब देऊन, आत ठेवलेल्या टॅम्पॉनवर मिठाचे पाणी सोडावयाचे आणि तो किती ग्रॅम शोषतो ते पाहावयाचे. मासिक स्राव म्हणजे मिठाचे पाणी नव्हे, ही साधी गोष्ट मिशिगन विद्यापीठातील परिचर्याशास्त्रज्ञ नॅन्सी रीम ह्यांनी रक्त वापरून केलेल्या प्रयोगांनी पुढे आणली. वर्षांमागून वर्षे गेली तरी एकमत होईना. अखेर ग्राहकहितवादी संस्थेने न्यायालयात दाद मागितली, आणि १९८९ साली नियम मुक्रर होऊन १९९० च्या मार्चपासून अमलात आला. सहा ग्रॅमपर्यंत 'ज्युनियर', सहा ते नऊ 'रेग्युलर', नऊ ते बारा 'सुपर', बारा ते पंधरा 'सुपर प्लस'. साथ ओळखल्यापासून चार ओळींचे एक कोष्टक खोक्यावर यावयास दहा वर्षे लागली.

तोवर पुष्कळ बदल घडून आला होता. पॉलिॲक्रिलेटचे टॅम्पॉन १९८५ साली बाजारातून गेले. १९८० साली टॅम्पॉन वापरणाऱ्यांपैकी ४२ टक्के स्त्रिया अत्यंत उच्च शोषणक्षमतेचे प्रकार वापरीत. पुढे काही वर्षांतच तसे करणाऱ्या केवळ १ टक्का उरल्या. आरंभी सांगितलेल्या ८९० आणि ६१ ह्या दोन आकड्यांमधील अंतराचे बरेचसे स्पष्टीकरण ह्यात आहे. स्त्रियांच्या सावधगिरीचा आणि वैद्यांच्या जाणकारीचाही त्यांत वाटा असणारच. परंतु ह्या घटीचे श्रेय वाटताना ज्या शेकडो आजारी स्त्रियांनी आणि त्यांच्या निरोगी मैत्रिणींनी दूरध्वनीवर परक्या माणसाला आपल्या आयुष्यातील सर्वांत खाजगी गोष्टी न लाजता सांगितल्या, त्यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. त्यांच्या उत्तरांवाचून प्रयोगशाळांना कोठे शोधावे हेही कळले नसते.

ह्या यशाची एक उणी बाजूही आहे. रोग टॅम्पॉनशी इतका घट्ट जोडला गेला की, तो केवळ ऋतुमती स्त्रियांचाच अशी लोकसमजूत रूढ झाली. टॉड ह्यांच्या यादीतील तीन मुलगे विस्मृतीत गेले. वस्तुतः शस्त्रक्रियेची जखम, भाजल्याचा व्रण, प्रसूतीनंतरचा काळ, नाकातील रक्तस्राव थांबविण्यासाठी कोंबलेली पट्टी, ह्यांपैकी कशानेही पुरुषाला, स्त्रीला वा बालकाला हा रोग होऊ शकतो. जखम वरून अगदी स्वच्छ दिसत असतानाही तो होतो, ही ह्यातील मोठी गोम आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात असेही दिसून आले की, स्ट्रेप्टोकॉकस ह्या दुसऱ्या जंतूपासूनही असाच, किंबहुना अधिक घातक, आघात होतो. अमेरिकेत अलीकडे नोंदल्या जाणाऱ्या रुग्णांत ऋतुकाळाशी संबंध नसलेल्यांचा वाटा मोठा आहे, तो ह्यामुळेच.

आपल्या देशात ह्या रोगाचे नाव सर्वांत अधिक ज्यांच्या तोंडी असते, त्या म्हणजे गावोगाव लस टोचणाऱ्या परिचारिका. गोवराची लस (आता गोवर-रुबेलाची) पुडीच्या रूपात येते, आणि ऐन वेळी तीत द्रावक मिसळावयाचा असतो. तीत जंतुनाशक नसते. म्हणून लस तयार केल्याची वेळ कुपीवर लिहावी, चार तासांच्या आत ती वापरावी आणि उरलेली, कितीही उरली असली तरी, टाकून द्यावी, असा आपल्या लसीकरण कार्यक्रमाचा दंडक आहे. आणि त्याचे कारण म्हणून शिकविले जाते ते टॉक्सिक शॉक सिंड्रोमचे भय. दुपार होते, पाड्यावरून उशिरा आलेली एखादी आई मुलाला कडेवर घेऊन उभी असते, आणि कुपीत दोन मात्रा उरलेल्या असतात. अशा वेळी ती कुपी टाकून नवी फोडणे किंवा त्या आईला पुढचा दिवस सांगणे, हे निष्ठुरपणाचे वाटू शकते. परंतु त्या एका नियमाच्या पाठीशी बंडाबर्गची बारा बालके उभी आहेत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो निष्ठुर वाटणार नाही.

दुसरा धागा घरापर्यंत येतो. एका पिढीपूर्वी आपल्याकडे टॅम्पॉन क्वचितच कोणी पाहिला असेल; आज शहरांतून तो मिळतो, आणि त्याच्या जोडीला सिलिकोनचा मासिक पाळीचा कपही आला आहे. केरळातील आलप्पुळा नगरपालिकेच्या क्षेत्रात २०१९ साली 'तिंगळ' योजनेखाली असे पाच हजार कप विनामूल्य वाटण्यात आले. खर्च आणि कचरा ह्या दोन्ही दृष्टींनी ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु कपामुळे हा रोग झाल्याचे पहिले उदाहरण २०१५ साली कॅनडातून प्रसिद्ध झाले, आणि २०१८ साली फ्रान्समधील ल्यों येथील संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवून दिले की, कपाबरोबरही हवा आत जाते व जंतूला विष निर्माण करण्यास वाव मिळतो. धोका फार थोडा आहे. तो ऐकून कोणी भयभीत होऊन जुन्या, न वाळलेल्या फडक्यांकडे परत वळावे, असे मुळीच नाही. माहिती घेऊन वस्तू वापरावी, एवढेच सांगणे आहे.

ती माहिती थोडक्यात अशी. टॅम्पॉन गरजेपुरत्या, म्हणजे कमीत कमी शोषणक्षमतेचा घ्यावा. चार ते आठ तासांत बदलावा, आठ तासांपलीकडे ठेवू नये. स्राव नसताना वापरू नये. मधून मधून पॅड वापरावे. बसविण्यापूर्वी आणि काढल्यावर हात धुवावेत. कप असेल तर तोही सांगितलेल्या वेळेत रिकामा करून धुवावा आणि दोन पाळ्यांमध्ये उकळून ठेवावा. जिला हा आजार एकदा झाला आहे, तिने ह्या दोन्ही वस्तू वर्ज्य कराव्यात. ऋतुकाळात, प्रसूतीनंतर किंवा जखमेच्या दिवसांत एकाएकी १०२ अंशांवर ताप चढला, वांत्या-जुलाब झाले, अंगावर लाली उमटली, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आत असलेली वस्तू तत्काळ काढून रुग्णालय गाठावे, आणि आपण काय वापरीत होतो हे विचारण्याची वाट न पाहता वैद्याला सांगावे. शिरेतून भरपूर द्रव देणे, विषाचे उगमस्थान स्वच्छ करणे, जंतूला मारणारी आणि क्लिंडामायसिनसारखी विषनिर्मिती थोपविणारी औषधे देणे, हे उपचार वेळेवर झाले तर बहुतेक रुग्ण वाचतात. येथे वेळ तासांनी मोजावयाची असते. जो आजार 'पित्त झाले असेल', 'ऊन बाधले असेल' म्हणून रात्रभर अंगावर काढला जातो, तो सकाळपर्यंत हाताबाहेर गेलेला असतो.

ह्या शेवटच्या सूचनेतील 'सांगावे' हा शब्द सर्वांत अवघड आहे, आणि तो अवघड राहू नये ह्याची जबाबदारी एकट्या रुग्ण स्त्रीवर टाकून चालणार नाही. १९८० पर्यंत अमेरिकेतील स्त्रिया हा रोग ओळखण्यास लागणारी माहिती स्वतःपाशी बाळगून होत्या. ती त्यांना कोणी विचारली नव्हती. आपल्या कित्येक घरांत अजूनही मुलगी त्या दिवसांतील ताप आईलाही चाचरत सांगते, आणि बापाला तर सांगतच नाही. सासरी गेल्यावर तर ही गोष्ट नणंदेकडून सासूकडे आणि सासूकडून मुलाकडे अशा वळणांनी जाते. शासनाने खोक्यांवर माप आणि सूचना देशी भाषांत छापविण्याची दक्षता घ्यावी, शाळांतून मुलींना आणि मुलग्यांनाही हे शिकविले जावे, वैद्यांनी प्रश्न विचारण्यास संकोचू नये. ही कामे कोणा एकाची नाहीत. पण त्या सर्वांच्या आधी घरात कोणाला तरी हा विषय साध्या शब्दांत उच्चारावा लागेल. ऐन आजारात ते सुचत नाही. त्यासाठी आधीच्या एखाद्या निवांत दिवशी ते बोलणे झालेले असले पाहिजे.